बरणीवरची चिठ्ठी

आमच्या पांढुर्ण्याहून समुद्र गाठायचा म्हणजे कोणत्याही दिशेने निघाले तरी शेकडो कोसांची मजल. पाणी म्हटले की इकडच्या माणसाला आठवते ती जाम नदी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जिच्या दोन्ही काठांवर गाव उभे राहते ती. आणि सौंसरकडच्या माणसाला आठवते ती संत्र्याच्या बागेतली विहीर. अशा मुलखात मी सदतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि दर वर्षी निदान दहा-बारा व्याख्याने समुद्रातील प्राण्यांवर दिली. प्रत्यक्ष समुद्र मी पाहिला तो वयाच्या तिसाव्या वर्षी, मावसभावाच्या लग्नासाठी मुंबईस गेलो असताना. तोही चौपाटीवर, गर्दीच्या डोक्यांवरून. तरीसुद्धा समुद्रातील किड्यांविषयी मी वर्गात अशा अधिकारवाणीने बोलत असे की, ऐकणाऱ्याला वाटावे, या गृहस्थाचे बालपण एखाद्या कोळीवाड्यात गेले असावे!

या अधिकारवाणीचे सारे भांडवल म्हणजे प्रयोगशाळेतील एक काचेचे कपाट. त्यात चाळीसएक बरण्या होत्या. परगावच्या एका विक्रेत्याकडून त्या कधीकाळी गवतात गुंडाळून रेल्वेने आल्या होत्या. प्रत्येकीत फॉर्मॅलिन, फॉर्मॅलिनमध्ये एक प्राणी आणि बाहेरून टंकलिखित चिठ्ठी. तिसऱ्या फळीवर, डावीकडून चौथ्या बरणीत करंगळीच्या दोन पेरांएवढा एक पिवळट किडा होता. त्याच्या एका टोकाला धाग्यांचा जुडगा होता आणि चिठ्ठीवर लिहिले होते ‘साबेला’. गांडूळ आणि जळू ज्या वलयी प्राण्यांच्या संघात मोडतात, त्याच संघातील समुद्रवासी पॉलिकीटा वर्गाचा हा नमुना. हे प्राणी स्वतःभोवती नळी बांधून तीत आयुष्य काढतात आणि नळीच्या तोंडातून पिसांचा पंखा बाहेर उघडून पाण्यातील अन्नकण वेचतात. म्हणून त्यांना मी वर्गात ‘पंखकृमी’ म्हणत असे. बरणीतल्या जुडग्यावरून पंख्याची कल्पना करणे म्हणजे कढीपत्त्याच्या वाळल्या काडीवरून झाडाची कल्पना करणे होय. पण आम्ही ती करत होतो.

१९८२ च्या जानेवारीत आकाशवाणीवर बातमी आली की, ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेली भारताची पहिली मोहीम ९ जानेवारीला अंटार्क्टिकावर उतरली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे नेते, आणि ते स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही हकिगत मोठ्या अभिमानाने सांगितली. शेवटच्या बाकावर सौंसरजवळच्या एका खेड्यातला मुलगा बसत असे. बापाची थोडी संत्र्याची बाग, थोडी कपाशी. बोलणे कमी, पाहणे फार. तो उठला आणि म्हणाला, “सर, त्या बर्फाच्या पाण्यात आपल्या बरणीतला किडा असन का?”

पुस्तकात ‘सर्व समुद्रांत आढळतो’ असे एक वाक्य होते. तेवढ्या आधारावर मी सांगून टाकले, “असेल की! समुद्र सगळे एकच.” तो खाली बसला; पण त्याचे समाधान झालेले नाही, हे मला दिसले होते.

पुढल्या वर्षी, १९८३ च्या मार्चमध्ये, त्याची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. अशा परीक्षेत बरण्या ओळीने मांडून त्यांच्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद डकवतात आणि विद्यार्थ्याने प्राणी ओळखून त्याची लक्षणे लिहावयाची असतात. वास्तविक कागद डकवून काही साधत नसे. कोणत्या बरणीचे झाकण कुठे तडकलेले आहे, हे मुलांना वर्षभरात पाठ झालेले असे. त्या बरणीसाठी सगळ्यांनी ‘साबेला’ लिहिले. एकट्या त्या मुलाने लिहिले, ‘सर्प्युला’. मी त्याला शून्य दिले. प्रश्न तीन गुणांचा होता.

परीक्षा संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, याले तं झाकण आहे.”

मी काय केले असेल? बरणी उचलून उजेडाकडे धरली असती, तर अर्धे मिनिट लागले असते. मी बरणी उचलली खरी, पण आतला किडा पाहण्यासाठी नव्हे. डकवलेला कोरा कागद मी टर्रकन ओढून काढला आणि खालची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. “हे वाचता येते का तुला?” बाहेरगावचे परीक्षक चहाचा कप खाली ठेवून हसले. मीही हसलो. मुलगा “हो सर” म्हणाला आणि गेला. निकाल लागला तेव्हा त्याची प्रथम श्रेणी दोन गुणांनी हुकली होती. तो एम. एस्सी.ला गेला नाही. पुढे कोणीतरी सांगितले की, तो बाग पाहतो. मी ते ऐकले आणि विसरलो. निदान विसरलो असे मला पुढे पस्तीस वर्षे वाटत होते.

मी २०११ साली निवृत्त झालो. चिरंजीव नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे स्थायिक झालेले. २०१८ च्या ऑक्टोबरात सौ.ला घेऊन मी प्रथमच तिकडे गेलो. आपल्याकडे तेव्हा पितृपक्ष संपून नवरात्र बसत होते, आणि तिकडे वसंत ऋतू. वसंत म्हणावे तर अंगात लोकरीचा कोट! मेलबर्न ज्या उपसागरावर वसले आहे, त्या पोर्ट फिलिपचे पाणी हिवाळ्यात दहा-अकरा अंशांपर्यंत उतरते. त्याच्या पलीकडे बासची सामुद्रधुनी, मग टास्मानिया, आणि त्याहून दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत समुद्राशिवाय जवळजवळ काही नाही. वारा त्या बाजूने सुटला की, तो कोठून आला हे विचारावे लागत नाही.

एका रविवारी मुलगा आम्हांला विल्यमस्टाउन नावाच्या भागात घेऊन गेला. तेथील खडकाळ किनाऱ्याचा एक पट्टा ‘जॉबोन’ या नावाने २००२ पासून संरक्षित आहे. खडा उचलण्याचीदेखील मनाई. पाहायचे आणि परत यायचे. ओहोटी होती. खडकांवर पांढुरक्या, वेड्यावाकड्या नळ्यांचे जाड थर बसले होते. नऊ वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, आजीनं कुरडया वाळत घातल्यासारखं दिसतंय!” उपमा अगदी चपखल होती. एका खळग्यात पाणी साचले होते आणि तेथल्या कुरडया पाण्याखाली होत्या. आम्ही दोघे वाकून पाहू लागलो. प्रत्येक नळीच्या तोंडाशी काळ्या-पांढऱ्या पिसांचा, शर्टाच्या गुंडीएवढा एक पंखा उघडला होता. साठी उलटून आठ वर्षे झाल्यावर मी जिवंत पंखकृमी पाहत होतो! कितीतरी वेळ माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मौज दाखवावी म्हणून नातीने पाण्यावर हात फिरवला. पाण्याला तिने स्पर्शही केला नाही. नुसती सावली पडली. त्यासरशी सारे पंखे एका क्षणात नळ्यांत गेले, आणि प्रत्येक नळीच्या तोंडावर एक इवलीशी टोपी येऊन घट्ट बसली.

“आजोबा, यांनी दार लावून घेतलं!” नात ओरडली.

मला मात्र दुसराच आवाज ऐकू आला. “सर, याले तं झाकण आहे.” पस्तीस वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा. माझे पाय गार पाण्याने भिजले होते. पण अंगावर काटा आला तो त्यामुळे नव्हे.

तेथून थोड्या अंतरावर लाकडी धक्का होता. त्याच्या खांबांवर, पाण्यात हातभर खोल, दुसऱ्या प्रकारचे पंखकृमी दिसले. पंखे वितीएवढे, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचे. नळ्या चुन्याच्या नव्हेत, चिखलाने सारवलेल्या चामड्यासारख्या. मुलाने खांबाशी पाणी ढवळले तेव्हा तेही आत गेले. पण टोपीबिपी काही नाही. मऊ नळीचे तोंड नुसते मिटल्यासारखे झाले. हा खरा साबेला. पहिला, दार लावून घेणारा, तो सर्प्युलाच्या कुलातला. दोन्ही कुले सख्ख्या शेजाऱ्यांसारखी. पण एकाच्या घराला दार असते आणि दुसऱ्याच्या घराला नसते. त्या एका गोष्टीवरून अर्धी ओळख पटते, आणि नेमकी तीच गोष्ट त्या मुलाने मला सांगितली होती.

त्यानंतरचे दोन महिने मी तेथल्या ग्रंथालयात घालवले. सौ. म्हणे, “इथं येऊनही तुमचं कॉलेज सुटलं नाही.” ऑस्ट्रेलियातील पॉलिकीटांवर २००० साली निघालेला एक जाडजूड ग्रंथ मला मिळाला. त्यातून आणि इतर लेखांतून जे उमगले ते थोडक्यात सांगतो. कारण या प्राण्यांची ओळख पटवणे ही एक सुंदर आणि माणसाला नम्र करणारी विद्या आहे.

आधी घर पाहावे. साबेलाच्या कुलातील प्राणी चिखल-वाळूचे कण आपल्या स्रावात मळून नळी बांधतात. सुपात पाखडावे तसे त्यांचा पंखा कण निवडतो. मोठे कण टाकून द्यायचे, बारीक खायचे, आणि मधल्या आकाराचे घरबांधणीसाठी राखायचे! सर्प्युलाच्या कुलातले प्राणी चुन्याची पक्की नळी घालतात. मग झाकण पाहावे. पंख्यातल्याच एका पिसाचे रूपांतर होऊन टोकाला नरसाळ्यासारखा किंवा टोपीसारखा भाग तयार होतो, तेच झाकण. सर्प्युलाच्या कुलात ते बहुधा असते, साबेलाच्या कुलात नसते. मग धड पाहावे. सर्प्युलाच्या छातीच्या दोन्ही बाजूंना उपरण्यासारखा एक पातळ पडदा असतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली दृढरोम, म्हणजे अंगावरचे राठ केस आणि आकडे, यांचे आकार पाहावे. खरी जात ठरते ती बहुधा तेथे.

प्राणी जितका लहान, तितकी ओळख कठीण. काही पंखकृमी उण्यापुऱ्या दोन-चार मिलिमीटरांचे, म्हणजे मेथीच्या दाण्याएवढे. त्यांच्या पंख्यात पिसांच्या फक्त तीन जोड्या असतात. ते नळी सोडून बाहेरही येतात आणि शेपटीकडून चालतात. म्हणूनच की काय, त्यांच्यातल्या कित्येकांना शेपटीवरही डोळे असतात! फार काळ हे साबेलाच्या कुलातच गणले जात. २००८ साली त्यांचे कुल वेगळे करण्यात आले. दुसरे काही मोहरीएवढ्या चुन्याच्या शंखाकृती नळीत समुद्रतृणाच्या पात्याला चिकटून राहतात. त्यांची जात ठरवताना नळीचा वेटोळा डावा की उजवा, आणि आई पिले नळीत सांभाळते की झाकणात, हे पाहावे लागते. धक्क्याखालच्या त्या मोठ्या साबेलाचेच पहा. तो मूळचा भूमध्य समुद्राकडचा. जहाजांबरोबर आला असावा, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोर्ट फिलिपमध्ये आढळला. त्याच्या पंख्याची एक बाजू जिन्यासारखी फिरत वर जाते, ही त्याची खूण. पण पिलू लहान असताना तो पीळ पडलेलाच नसतो, आणि स्थानिक जातींपासून त्याला वेगळे काढणे जाणत्यालाही अवघड जाते. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात तो २००८ मध्ये आढळला, तेव्हा पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे ठरवणे निव्वळ पुस्तकी काम राहिले नाही.

या विद्येचा इतिहास वाचताना मला थोडा दिलासाही मिळाला. ‘चॅलेंजर’ जहाज १८७२ ते १८७६ अशी चार वर्षे जगाच्या समुद्रांतून फिरले. दक्षिणेच्या थंड पाण्यातील केर्गेलेन बेटांवर ते जानेवारी १८७४ मध्ये होते. त्या सफरीतले पॉलिकीटा ओळखले ते स्कॉटलंडच्या विल्यम मॅकिंटॉश यांनी, घरी बसून, बरण्यांतून. त्यांचा मोठा ग्रंथ १८८५ साली आला. ऑस्ट्रेलियाच्या १९११ ते १९१४ च्या अंटार्क्टिक मोहिमेतले किडे न्यूझीलंडच्या बेनहॅम यांनी ओळखले, तेही बरण्यांतूनच. आपल्या हिंदुस्थानातले पॉलिकीटा पिएर फोव्हेल या फ्रेंच पंडिताने ओळखले. त्यांचा ग्रंथ १९५३ मधला, आणि आमची पाठ्यपुस्तके त्याच परंपरेतली. तेव्हा बरणीतून ओळखणे हा काही अपराध नव्हे. ही सारी माणसे बरणीतच पाहत होती. पण ती पाहत होती!

आणि एवढे पाहूनही चूक राहून जात असे. युरोपच्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांची नावे आधी पडली होती. मग दक्षिणेत त्यासारखे दिसणारे काही मिळाले की, त्यालाही तेच नाव देऊन मोकळे व्हायचे. ‘सर्व समुद्रांत आढळतो’ हे वाक्य असे जन्मले. ऑस्ट्रेलियाच्या दोन विदुषी, पॅट हचिंग्ज आणि एलेना कुप्रियानोवा, यांनी २०१८ मध्येच एक लेख प्रसिद्ध केला. जगभर आढळणारे म्हणून गणलेले पॉलिकीटा खरोखर तसे आहेत काय, हाच त्याचा विषय. अनेक ठिकाणी एका नावाखाली वेगवेगळ्या जाती दडलेल्या आहेत, असे दिसून येत आहे. खडकावरच्या आमच्या ‘कुरडया’, म्हणजे गेलिओलेरिया, एकच जात समजली जात होती. २००९ साली तिच्यातून एक दुसरी जात निराळी निघाली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच; भेद कळला तो आनुवंशिक तपासणीने. आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या गोठत्या पाण्यातील पंखकृमी? त्यांतले काही ‘पोटॅमिला’ या युरोपीय नावाखाली नोंदले गेले होते. फिलिस नाइट-जोन्स या वेल्समधील विदुषीने ‘पर्किन्सियाना’ ही वेगळी प्रजाती केली आणि अंटार्क्टिकचा तो प्राणी तीत गेला. ते वर्ष १९८३. म्हणजे ज्या वर्षी मी एका मुलापुढे चिठ्ठी नाचवत होतो, त्याच वर्षी त्या बाई जुन्या चिठ्ठ्या बाजूला सारून पुन्हा बरणीत पाहत होत्या. “त्या बर्फाच्या पाण्यात आपल्या बरणीतला किडा असन का?” याचे खरे उत्तर होते: किडे आहेत; पण तो नव्हे, आणि समुद्र सगळे एक नव्हेत.

वास्तविक चिठ्ठीचा जाच आम्हांला परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातले आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमची घरे, ओसऱ्या, पोळा, मारबत काही हलले नाही, सीमा हलली. तेव्हापासून नागपूरच्या लग्नात आम्ही ‘एमपीवाले’ आणि भोपाळच्या कचेरीत ‘मराठी लोग’. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, म्हणजे चिठ्ठी आणखी एकदा बदलली. बाहेरची चिठ्ठी आणि आतला जीव यांत केवढे अंतर असू शकते, हे ज्याने जन्मभर अनुभवले, त्यानेच एका बरणीच्या चिठ्ठीवर एवढा विश्वास ठेवावा, याला काय म्हणावे? असो.

आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत परतलो. आठवड्याच्या आत मी महाविद्यालयात गेलो. तेथील तरुण प्राध्यापकांनी, माझेच विद्यार्थी ते, कपाट उघडून दिले. बरणी होती तेथेच होती. तिसरी फळी, डावीकडून चौथी. फॉर्मॅलिन चहासारखे झाले होते. आम्ही किडा बशीत काढला आणि भिंगाखाली ठेवला. धाग्यांच्या जुडग्यात एक देठ निराळा, जाडसर; आणि त्याच्या टोकाला, कोणी मुद्दाम घडवावे तसे, रेखीव नरसाळे. छातीच्या कडेला उपरण्यासारखा पडदाही होता. शंकेला जागा नव्हती. मग चुन्याची नळी कोठे गेली? त्याचेही उत्तर सोपे आहे. फॉर्मॅलिन जुने झाले की त्यात आम्ल तयार होते, आणि आम्लात चुना विरघळतो. बरणीच्या तळाशी पिठासारखा गाळ साचला होता. तेवढाच काय तो घराचा अवशेष. घर गेले, पण दार उरले होते. ते दार सदतीस वर्षांत एका विद्यार्थ्याने पाहिले, आणि एका शिक्षकाने पाहिले नाही.

पुढल्या रविवारी मी सौंसरची बस धरली. अंबिया बहार नुकताच धरला होता, आणि बागांजवळून जाताना फुलांचा वास बसमध्ये येत होता. गावात विचारत विचारत मळ्यावर पोहोचलो. मुलगा म्हणतो मी त्याला. पण समोर आला तो साठीकडे झुकलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला शेतकरी. त्याने मला ओळखले. पाया पडला, खाटेवर बसवले आणि सुनेला चहा सांगितला. काय बोलावे ते मी बसमध्ये ठरवले होते. ते सगळे विसरलो. पिशवीतून बरणी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “तुझे बरोबर होते. झाकण आहे.”

तो बराच वेळ बरणीकडे पाहत राहिला. मग उजेडाकडे धरून त्याने ती हळूहळू फिरवली. मी जे करायला हवे होते, ते अगदी तसेच.

मी म्हणालो, “तुझे तीन गुण माझ्याकडे बाकी आहेत. त्यांपायी तुझे पुढचे शिक्षण गेले.”

तो हसला. “नाही सर. त्या साली बाबाले लकवा झाला होता. पहिला नंबर आला असता तरी मी कुठं जात होतो? बाग कोन पाहिली असती?” मग थोडा थांबून, बरणीवरची नजर न काढता तो म्हणाला, “गुणाचं काही वाटलं नाही. तुम्ही एकडाव बरनी उचलून पाहाल, असं वाटलं होतं. तेवढंच.”

चहा आला. तो प्यायला मला फार वेळ लागला.

निघताना त्याने बाग दाखवली. कोणत्या पानावर कोळी, कोणत्यावर माव्याची सुरुवात, हे तो चालता चालता पान उलटून सांगत होता. मोहरीएवढ्या, त्याहूनही लहान जीवांची ओळख तो रोज पटवत होता, आणि पटली नाही तर त्याचे पीक जात होते. मग म्हणाला, “सर, आपल्या छिंदवाडा जिल्ह्यात समुद्राचे जीव सापडले म्हनते. खरं हाय का?” खरे होते. झिलमिली येथे लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात सागरी फोरॅमिनिफेरा, म्हणजे खसखशीहून बारीक कवचे असलेले एकपेशीय जीव, सापडल्याचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, धनंजय मोहबे आदी शास्त्रज्ञांचे हे काम. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राची एक शाखा येथवर पोहोचली असावी, असा त्यांचा निष्कर्ष. “म्हंजे समुद्र आपल्याकडे येऊन गेला,” तो म्हणाला, “आपनच गेलो नाही.” मी म्हणालो, “आता चल एकदा.” तो म्हणाला, “मृग बहारानंतर पाहू.” बागवाल्याचे ‘पाहू’ म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे, पण मी मुलाला पत्राने कळवून ठेवले आहे.

संग्रहालयांत एक चांगला रिवाज असतो. ओळख चुकली म्हणून जुनी चिठ्ठी फाडून टाकायची नाही. ती तशीच ठेवायची आणि नवी तिच्या सोबत लावायची. कोणी, केव्हा, काय समजले होते, याचा तो इतिहास असतो. त्याप्रमाणे ‘साबेला’ची चिठ्ठी मी राहू दिली. प्राध्यापकांच्या संमतीने नवी चिठ्ठी मी माझ्या हाताने, पेन्सिलीने लिहिली, कारण शाई द्रवात उतरते. त्यावर आहे: ‘सर्प्युला कुल. स्थळ अज्ञात.’ जात लिहिली नाही. प्राणी कोठला हे ठाऊक नसता ती लिहिणे म्हणजे जुनीच चूक नव्या अक्षरात करणे. त्याखाली, ओळख पटवणाऱ्याचे नाव लिहायचे असते त्या ओळीवर, त्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव लिहिले, आणि पुढे साल घातले: १९८३.

बरणी आता पुन्हा तिसऱ्या फळीवर आहे, डावीकडून चौथी. फॉर्मॅलिन नवे आहे. उजेडाकडे धरली तर झाकण नुसत्या डोळ्यांनीही दिसते.